नोंदवहीबाहेरचा विश्वास

मुंबई-कोलकाता महामार्ग साकोली मागे टाकून पूर्वेला निघाला की देवरीच्या अलीकडे कोहमारा लागते. गोंदियाहून नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता याच फाट्यावर महामार्गाला छेदतो. एका बाजूला नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या बाजूला नवेगावचे. मधल्या पट्ट्यात धानाच्या बांध्या आणि मालगुजारांच्या काळातले तलाव. दिवाळी सरली की या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, रात्रभर नाटके चालतात. गोंड, हलबा, कोहळी, पोवार, कुणबी, बौद्ध अशा सगळ्यांचा हा मुलूख आहे. ख्रिस्ती माणसे इथे मूठभर. २०११च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती समाज दहा लाख ऐंशी हजारांच्या घरात, म्हणजे शंभरात जेमतेम एक. गोंदिया जिल्ह्यात तर त्याहूनही विरळ.

संख्या इतकी कमी असली की माणूस गर्दीत लपत नाही. गावात एकच ख्रिस्ती घर असेल, तर त्या घराने उधारी फेडली की नाही, शेजारच्या आजाऱ्याला पाणी दिले की नाही, दारू पिऊन बायकोला मारले की नाही, हे सगळे गाव पाहते आणि त्यावरूनच येशूचा हिशेब मांडते. बायबल वाचलेले लोक थोडे; बायबल मानणाऱ्यांना पाहिलेले मात्र बरेच. त्यामुळे ‘नावाचे ख्रिस्ती’ हा शब्दप्रयोग मराठी मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपदेशात जितका ऐकू येतो, तितकाच तो बाहेरच्यांच्या तोंडीही असतो.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. डेन्मार्कमध्ये तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्दने १८५४-५५मध्ये तिथल्या सरकारी चर्चवर कडाडून टीका केली, ती याच मुद्द्यावर. मूल जन्मले की नाव चर्चच्या नोंदवहीत चढते, सगळा देश आपोआप ख्रिस्ती ठरतो, आणि मग ख्रिस्ताच्या मागे जाण्याची गरज कुणालाच उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. जर्मनीत धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफरने १९३७मध्ये फुकटात वाटल्या जाणाऱ्या कृपेविरुद्ध लिहिले आणि हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी पत्करली.

महाराष्ट्रात हे नाव असे फुकट कधीच मिळाले नाही. बाप्तिस्मा घेतला की घर तुटे, वतन जाई, विहीर बंद होई. नावालाच एवढी किंमत मोजावी लागते म्हटल्यावर ते घेणारा प्रामाणिकच असणार, असे वाटणे साहजिक. गंमत म्हणजे, ज्यांनी सर्वांत जास्त किंमत मोजली त्यांनीच स्वतःला सर्वांत कडक प्रश्न विचारले. मराठी ख्रिस्ती इतिहासातला खरा ठेवा तो आहे.

गोंदियावरून गेलेली गाडी

१८९३ साली नारायण वामन टिळक नावाचा एक बत्तिशीच्या आतबाहेरचा ब्राह्मण कवी नागपूरहून राजनांदगावला निघाला होता. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग भंडारा, तुमसर, गोंदिया, डोंगरगड असा जातो. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. बोलता बोलता विषय धर्मावर आला. उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम, गुप्त दान, दांभिक प्रार्थनेचा धिक्कार, ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यापेक्षा पित्याची इच्छा पाळणाऱ्याला दिलेले स्थान, हे सगळे त्यांना धरून बसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यापुढची वीस वर्षे जास्त महत्त्वाची आहेत. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवू लागले, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात लिहू लागले, आणि मिशनच्या सावलीत वाढलेल्या ख्रिस्तीपणाची त्यांना अस्वस्थता वाटू लागली. पगार मिशनचा, इमारत मिशनची, चाल विलायती, आणि मंडळी कायमची आश्रित. या व्यवस्थेत विश्वास आणि नोकरी यांची सरमिसळ होते, हे त्यांनी ओळखले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. म्हणून त्यांनी भजने रचली, कीर्तने उभी केली. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही त्यांचीच गीते गायली जातात.

१९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही तिथे जागा होती. अट होती ती ख्रिस्ताला गुरू मानून त्याच्यासारखे जगण्याची. पंचावन्नच्या सुमारास, तब्येत ढासळलेली असताना, ठरलेला पगार सोडून संन्याशासारखे जगायला निघणे सोपे नव्हते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणणारे आहेत. पण पैशाचा आधार काढून घेतल्यावर आपल्यातले किती जण ख्रिस्ताबरोबर उरतील, हा प्रश्न त्यांनी मिशनला आणि मंडळीला उघडपणे विचारला, आणि आधी स्वतःचा पगार सोडून मग विचारला.

आधी पाणी, मग बाप्तिस्मा

टिळकांपेक्षाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास या विषयाच्या गाभ्याशी जास्त जातो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही झाली, असे त्या काळी सहज घडले असते. तसे घडले नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे मुलाला घेऊन नातलगांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा, शिवाशीव कडक. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि त्यांनीही नवऱ्याच्या धर्माला वरवर मान तुकवली नाही.

‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन वाचताना जाणवते की त्यांच्या आतली गाठ सुटली ती आधी जातीची. माणसामाणसांत ही उतरंड देवाने घातली की माणसाने, या प्रश्नावर त्या स्वतःच्या स्वतः विचार करीत राहिल्या. उत्तर सापडल्यावर, ज्यांच्या हातचे पाणी त्यांनी आयुष्यभर वर्ज्य मानले होते त्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. देहाला लागलेली सवय मनाइतकी लवकर बदलत नाही. एका घोटासाठी किती धीर लागला हे त्यांनी लपवलेले नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००च्या सुमाराचा. म्हणजे नाव मिळण्याआधी त्यांनी त्या नावाची सर्वांत अवघड अट पुरी केली होती.

त्याच वर्षांत दुष्काळ आणि प्लेग यांनी नगर जिल्हा हैराण झाला. टिळकांच्या घरात निराधार मुले येऊन राहिली. लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या छावणीत रुग्णांची सेवा केली. बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या पोरसवदा कवीला याच घराने आसरा दिला, आणि त्यासाठी त्याच्या धर्माची चौकशी केली नाही. १९३३मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंकडे आले. जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुरे करून ठेवले.

आठ वर्षांनी पडलेला प्रकाश

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. संस्कृतची पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, विधवा, पंचवीस वर्षांची. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला ते वेगळे सांगायला नको. पण ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांचे पटेना. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे रमाबाईंना जमणारे नव्हते. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या वाद घालत, क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत असे विचारत, शाकाहार सोडायला तयार होत नसत. काहींना हा हट्टीपणा वाटला. आपल्याला न पटलेली गोष्ट पटली असे दाखवणे रमाबाईंना खोटेपणा वाटत होता, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे १९०७च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपण ख्रिस्ती धर्मात होतो, त्याची तत्त्वे आपल्याला पटली होती, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटला नव्हता, असे त्या सांगतात. ही कबुली १८९१च्या आसपासच्या रमाबाईंबद्दल आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तोवर त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता, अमेरिकेत जाऊन व्याख्याने दिली होती, १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या ख्रिस्तीपणात काहीच उणे दिसले नसते. इतके करूनही आतली जागा रिकामी आहे, हे ओळखण्याचा आणि छापून सांगण्याचा प्रामाणिकपणा फार थोड्यांकडे असतो.

एव्हाना पुण्याला हललेल्या शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून १८९३मध्ये तिथे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तीन वर्षांनी मध्य प्रांतात, म्हणजे ज्यात तेव्हाचा भंडारा जिल्हा आणि आजचा गोंदिया येत होता त्या प्रांतात, दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळी वणवणीत गेले होते. उपाशी पोटाने झाडाची पाने चघळत रस्ता तुडवणे काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या मध्य प्रांतात गेल्या. धर्मशाळांत, रस्त्यांच्या कडेला, दलालांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी गोळा केल्या. तीनशे मुली वाचवायच्या हे त्यांनी मनाशी धरले होते आणि त्यांना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी नाही. मग केडगावच्या शेतात तंबू आणि छपरे उभी राहिली. मुक्ती सदन ते हेच. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावचे छापखान्याचे दालन डोळ्यांसमोर आणावे. दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायका खिळे जुळवत आहेत, प्रुफे काढत आहेत, यंत्र चालवत आहेत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत आहेत, साध्या बाईला समजेल अशा भाषेत. याशिवाय शेती, विणकाम, गोठा, अंध मुलींसाठी ब्रेल, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्राण सोडला. ज्या बायकांची अक्षराशी कधी गाठ पडली नसती त्यांच्या हातांनी पुढे ते बायबल छापून झाले.

गोंडांच्या मुलखात

नागपूरच्या बाजूने पाहिले तर हे सूत्र आणखी मागे जाते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, उपदेश केला. पण त्याबरोबर खडक तपासले, जीवाश्म गोळा केले, आणि गोंडी बोली शिकून प्रधानांकडून, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्यांकडून, लिंगोची कथा टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटकडून परतताना बोरीजवळच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६मध्ये छापले, आणि गोंड देवांना गुहेतून सोडवणाऱ्या लिंगोचे आख्यान प्रथमच अक्षरबद्ध होऊन जगापुढे आले. दर माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेपाशी लाखो गोंड जमतात ते याच कथेच्या श्रद्धेने. ज्याला आपल्या धर्मात आणायचे त्याच्याच देवाची कथा इतक्या आदराने उतरवून घेणारा माणूस शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा एक वेगळा अर्थ दाखवून गेला.

त्या वाटेवर एक मराठी माणूस आणखी पुढे गेला. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. १९३२मध्ये ते व्हेरिअर एल्विन या इंग्रज धर्मगुरूसोबत मैकल डोंगरातल्या करंजियाला गोंडांच्या वस्तीत राहायला गेले. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांसाठी घर, आणि कोर्टकचेरीत अडकलेल्या आदिवासीची बाजू घेणे, हा त्यांचा दिनक्रम. नागपूरचे बिशप अ‍ॅलेक्स वुड आणि एल्विन यांच्यात खटका उडाला, कारण एल्विन गोंडांना ख्रिस्ती करण्याचे काम करायला तयार नव्हता. १९३५मध्ये एल्विनने चर्च सोडले. पुढे त्याच्या नावाचा जगभर बोलबाला झाला. हिवाळे मात्र गावातच राहिले आणि १९४६मध्ये प्रधान गोंडांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासक चाळतात. बिशपचा आग्रह, एल्विनचा नकार आणि हिवाळेंची चिकाटी या तिन्हींत निष्ठा होती. त्यातली कोणती गोंडांच्या उपयोगी पडली, हे करंजियाच्या परिसरात विचारले तर उत्तर कठीण नाही.

वर्ध्याचा हिशेबनीस आणि नियोगींचा अहवाल

जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे तमिळ ख्रिस्ती. लंडनला शिकलेले सनदी लेखापाल. मुंबईतला व्यवसाय सोडून ते गांधीजींकडे आले आणि १९३०च्या दशकाच्या मध्यापासून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचा संसार सांभाळू लागले. घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या, खत यांत त्यांनी आयुष्य घातले. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत पोलिसांची लाठी निःशस्त्र माणसांवर पडत असताना ख्रिस्ती धर्मगुरू गप्प का, असा जाब त्यांनी कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन बिशपांना पत्राने विचारला. तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर आणि आचरणावर पुस्तक लिहिले. येशूला मानणारा शोषणाच्या अर्थव्यवस्थेत नफा कसा घेऊ शकतो, हा त्यांचा प्रश्न. आणि स्वतःच्या घरातला खर्च पैपैने तपासून मगच ते तो विचारत.

विश्वास आणि मदत यांची सरमिसळ होते का, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर सरकारने मिशनऱ्यांना विचारला, पण आरोपाच्या सुरात. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती आणि भंडारा त्याच राज्यात. १९५४मध्ये माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९५६च्या तिच्या अहवालाने शाळा, दवाखाने, कर्ज यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा ठपका ठेवला. समितीत एस. के. जॉर्ज हे वर्ध्यातले गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापकही होते. चर्चनेत्यांनी अहवाल एकांगी म्हणून फेटाळला, आणि त्यातल्या सरसकट निष्कर्षांना आक्षेप घेण्यासारखे बरेच होतेही. तरीही पैशाने किंवा औषधाने विकत घेतलेला विश्वास खोटा असतो, हे चर्चने स्वतःच्या व्यासपीठावरून कितीदा सांगितले, हा प्रश्न उरतोच. टिळकांनी तो समितीच्या सदतीस वर्षे आधी विचारला होता.

आजही या भागात धर्मांतराच्या आरोपावरून वाद झडतात, प्रार्थनासभा अडवल्या जातात. निर्भय असायचे तर मंडळीने दोन गोष्टी एकदमच म्हणायला हव्यात: आपला विश्वास सांगण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने दिला आहे, आणि मदतीच्या पिशवीसोबत विश्वासाची अट जोडणे हा त्या विश्वासाचाच अपमान आहे.

जामखेडची तपासणी

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात ख्रिस्ती विश्वास कृतीत उतरल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की आज बरे केलेले मूल महिन्याने तोच जुलाब घेऊन परत येते. आजार गावात आहे, दवाखान्यात नाही. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७०मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

त्यांनी निवडल्या त्या गावातल्याच बायका. बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एका ताटाशेजारी दुसरे ताट लावून जेवत, रात्री एकत्र झोपत, आणि बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांवर शिकून परत जात. सुरुवातीला जातीने बसणाऱ्या बायका काही महिन्यांनी एकमेकींच्या घरी राहू लागल्या. १९७२च्या दुष्काळात पाण्यासाठी बोअर मारायची वेळ आली, तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या, म्हणजे पाणी हवे असेल त्याने तिथे यावे. उपदेशाचा एक शब्द न बोलता गावाची उतरंड हलली. बालमृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक प्रयोगांत जामखेडची नोंद घेतली. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या ग्राम आरोग्यसेविका १९८८मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. दालनातली झुंबरे म्हणजे मोठी रुग्णालये, महाग आणि ठरावीक जागी टांगलेली. आम्ही गावातल्या पणत्या, एकीवरून दुसरी पेटते, असे त्यांनी सांगितले. दिवाळी अंकाच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

आरोळे आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल कधी संकोचले नाहीत. प्रकल्पात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती सगळे होते. येशूने आजाऱ्यांना बरे केले तेव्हा आधी धर्म विचारला नाही, एवढ्यावर त्यांची बांधणी उभी होती.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४पासून उभे केलेले रुग्णालय आणि परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी चाललेले काम याच परंपरेतले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसई संरक्षण समितीतून विहिरींचे पाणी, शेती आणि गुंडगिरी यांवर आवाज उठवला. धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. उस्मानाबादला जानेवारी २०२०मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा सर्वधर्मीय वसईकरांनी त्यांना निरोप दिला.

घरातले ओझे

ही नावे मिरवून आजच्या मंडळीला सुटका मिळत नाही. जात चर्चमध्ये आली आणि राहिली. नगर, जालना पट्ट्यात एकाच मिशनच्या मंडळ्यांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती असा भेद पिढ्यान्‌पिढ्या चालला. लग्नाची बोलणी निघाली की तो अजूनही डोके वर काढतो. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे मान्य केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारत चर्चची स्थापना झाली. ऐक्याचा तो दिवस नागपूरच्या इतिहासात अभिमानाचा आहे. त्यानंतरच्या दशकांत मिशनच्या जमिनी, विश्वस्तपदे आणि निवडणुका यांवरून मंडळ्या न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिल्या, हेही तितकेच खरे.

आणखी एक ओझे राज्याने घातलेले आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, आणि पुढे १९५६मध्ये शीख, १९९०मध्ये बौद्ध, यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. गावातली शिवाशीव मात्र जात नाही. आदिवासींना ही अट नाही. गोंड किंवा हलबा ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. मग अनेक दलित कुटुंबे रविवारी उपासनेला बसतात आणि दाखल्यावर वेगळा धर्म लिहितात. युरोपात नाव आहे आणि विश्वास नाही. इथे विश्वास आहे आणि नाव लपवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४च्या सेल्वरानी निकालात चर्चला नियमित जाणाऱ्या अर्जदाराने आरक्षणापुरता हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरवली. कायद्याचा मुद्दा स्पष्ट आहे. पण मुलाची फी आणि प्रभुभोजनाची मेज यांतून एक निवडायला लावणाऱ्या व्यवस्थेत त्या आईला दांभिक म्हणून मोकळे होणे क्रूर आहे. तिच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च मंडळीने उचलला, तर तिला खरे बोलण्याची किंमत एकटीने मोजावी लागणार नाही.

मंडळीला करता येण्यासारखे आणखीही बरेच आहे. गोंदिया, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात सिकल सेलचा आजार आदिवासी आणि दलित घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. लग्न ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी झाली तर पुढच्या पिढीचे हाल टाळता येतात. लग्न, बाप्तिस्मा अशा प्रसंगी पाळकांचा शब्द घरात चालतो; तपासणीचा आग्रह ते धरू शकतात. कामासाठी बाहेर पडणाऱ्या मजुरांची म्हातारी माणसे मागे गावात राहतात; त्यांची विचारपूस मंडळीला करता येईल. दारूबंदीचे आंदोलन असो की मामा (मालगुजारी) तलावातला गाळ काढण्याचे काम, गावाच्या बैठकीत ख्रिस्ती घर येऊन बसले तर कुणाची हरकत नसते. दानार्पणाच्या थैलीचा जमाखर्च मंडळीच्या फळ्यावर लावणे, महार-मांग भेद मोडून मुलांची लग्ने लावणे, नाताळाच्या रोषणाईतला काही खर्च शेजारच्या बौद्ध किंवा गोंड घरातल्या मुलीच्या वसतिगृहासाठी देणे, यांतले काहीच अशक्य नाही.

जामखेडच्या संस्थेत आजही बाहेरगावच्या लोकांना प्रशिक्षण मिळते. कोहमारा, सडक अर्जुनी, देवरी या भागातल्या मंडळ्यांनी मिळून दोन-तीन बायकांना, त्या ख्रिस्ती असोत वा नसोत, तिथे पाठवायचे ठरवले तर पैसा फार लागणार नाही. यंदाच्या नाताळआधी पाळकांच्या एखाद्या बैठकीत हा विषय मांडायला हवा, आणि त्या बायका निवडताना गावाला विचारायला हवे.